कोड पुसायची घाई नको
गाडीत चेक इंजिनचा दिवा लागलाय, पण बिघाडाचा कोड मोबाइलवर वाचून देणारा ओबीडी अडॅप्टर जिथे लावतात ते सॉकेट सापडत नाही, असं एकाने विचारलंय. ड्रायव्हरच्या बाजूला, स्टिअरिंगखाली टॉर्च मारून वाकून बघा. १६ पिनांचं, एका बाजूला अरुंद असं सॉकेट दिसेल. काही गाड्यांत त्यावर झाकण असतं. अडॅप्टर लावा, इग्निशन ऑन करा, मग मोबाइलशी ब्लूटूथ जोडा.

पण कळकळीने सांगतो, कोड लगेच पुसू नका! बिघाडाच्या क्षणी नोंदलेले आरपीएम, इंजिनचं तापमान, सगळंच त्याबरोबर जातं. मग मेकॅनिकने शोधायचं कशावरून? उदाहरणार्थ, पी०३०१ हा कोड म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणं. तो प्लगमुळे, कॉइलमुळे की इंजेक्टरमुळे, हे कोड सांगत नाही.

काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. चावी काढल्यावरही सॉकेटला बॅटरीचा करंट चालूच असतो.