‘द रेल्वे मॅन’: लोमॅक्सच्या हाती सुरा द्यायची गरज होती का?

सिग्नल_केबिन
चित्रपट (२०१३, दिग्दर्शक जोनाथन टेप्लिट्झकी) पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, शेवट उघड केल्याशिवाय मुद्दा मांडता येणार नाही.

एरिक लोमॅक्स हा ब्रिटिश सिग्नल्सचा (लष्कराची संदेशवहन शाखा) अधिकारी. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि तो जपान्यांचा कैदी झाला. थायलंडमधल्या कांचनाबुरीला, युद्धकैदी आणि मजुरांकडून बांधून घेतलेल्या सयाम (थायलंड)-बर्मा रेल्वेच्या छावणीत ऑगस्ट १९४३ मध्ये चोरून बनवलेला रेडिओ सापडला, शिवाय त्याने हाताने काढलेला रेल्वेमार्गाचा नकाशाही. मारहाणीत दोन्ही हात मोडले. मग केंपेताईने (जपानी लष्करी पोलिसांनी) नाकातोंडात पाणी सोडून चौकशी केली. दुभाषा होता ताकाशी नागासे. चित्रपटात उतारवयातला लोमॅक्स (कॉलिन फर्थ) सुरा घेऊन एकटा थायलंडला जातो, नागासेला पिंजऱ्यात कोंडतो आणि अखेर सुरा नदीत फेकतो.

खरी हकिकत याहून धारदार आहे. नागासेच्या छोट्या आठवणीवजा पुस्तकात लिहिलं होतं की कांचनाबुरीच्या युद्धस्मशानात उभं असताना आपल्याला माफी मिळाल्यासारखं वाटलं. ते वाचून लोमॅक्सची पत्नी पॅटी संतापली. १९९१ मध्ये तिनेच नागासेला पत्र लिहिलं: ज्याचा छळ झाला त्याने अजून माफ केलेलं नाही, मग तुम्हाला माफी मिळाली कशी? नागासेने उत्तर दिलं की हे पत्र खंजिरासारखं काळजात शिरलं. म्हणजे खंजीर होता, पण तो कागदावर होता आणि चालवला पॅटीने. पटकथेने तो काढून नवऱ्याच्या खिशात ठेवला. पॅटीच्या भूमिकेत निकोल किडमनला घेऊन तिच्याकडून हेच काम काढून घेतलं, हे मला अक्षम्य वाटतं.

तिसरी_घंटा
मतभेद आहे. पत्रव्यवहार पडद्यावर कसा दाखवणार? टेबल, दिवा, मागून आवाज. दोन मिनिटांत प्रेक्षक निसटतो. पटकथेला अशी जागा हवी जिथे हात उचलता येतो आणि उचलला जात नाही. पिंजऱ्याच्या प्रसंगात ती मिळते. शिवाय त्या प्रसंगाचा कणा सुरा नाहीच, शब्द आहेत. नागासे युद्धाला शोकांतिका म्हणतो, लोमॅक्स त्याला अडवतो आणि हा गुन्हा होता हे ऐकवतो. एकेकाळी प्रश्नांची भाषा ज्याच्या ताब्यात होती, त्याला आता त्याच इंग्रजीत एकेका शब्दाचा हिशोब द्यावा लागतो. उलटतपासणीची ही रचना मला फार मोलाची वाटते. आणि पत्रं सगळीच गाळलेली नाहीत, शेवटी क्षमेचं पत्र आहेच.

खडी_आणि_रूळ
मोठी गफलत दुसरीकडे आहे. चित्रपटात लोमॅक्सचा सहकैदी मित्र फिनले (स्टेलान स्कार्सगार्ड) रेल्वेच्या पुलावरून गळफास घेतो आणि त्या धक्क्याने लोमॅक्स थायलंडला निघतो. तो मृत्यू काल्पनिक आहे. खऱ्या प्रवासात छळाच्या बळींवर उपचार करणाऱ्या लंडनच्या संस्थेची मदत होती, १९८९ मध्ये हाती आलेलं नागासेबद्दलचं वृत्तपत्रातलं कात्रण होतं, मग पुस्तक, मग पत्रं. कात्रणापासून १९९३ च्या भेटीपर्यंत चार वर्षं. क्षमेला लागणारा वेळ हाच तर विषय आहे! तोच कापला की एका आत्महत्येचा ढकलजोर लागतो. सिंगापूरच्या आउट्रम रोड तुरुंगातला काळही गाळला आहे. रेडिओच्या खटल्यात पाच वर्षांची शिक्षा झाल्यावर लोमॅक्सला तिथे टाकलं होतं, आणि त्याची तब्येत कशाने खचली ते तिथे कळतं.

तिसरी_घंटा
फिनलेबाबत मान्य. तो भाग उसना वाटतो.

ताराबिनतारा
रेडिओचा भाग मात्र चोख आहे, त्याची दाद द्यायला हवी. जपान्यांचा आग्रह होता की हे संदेश पाठवण्याचं यंत्र. वास्तविक तो फक्त ग्रहण करणारा संच. प्रक्षेपकाला कितीतरी जास्त वीज आणि धड अँटेना लागते, छावणीत दोन्ही कुठून आणणार? पण चौकशी करणाऱ्याला कट हवा असला की “फक्त बातम्या ऐकत होतो” हे खरं उत्तर खोटंच ठरतं. रेल्वेवरच्या छावण्यांत ऑल इंडिया रेडिओच्या दिल्लीहून येणाऱ्या इंग्रजी बातम्या ऐकल्या जात. ऐकलेली बातमी लगेच सांगत नसत, काही दिवस दाबून ठेवत. सगळी छावणी एकदम खूश दिसली तर पहारेकरी झडती घेणार हे ठरलेलं.

कातळखोदाई
तुम्ही सगळे दोनच माणसांबद्दल बोलताय. ४१५ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग, काम साधारण वर्षभरात पुरं, ऑक्टोबर १९४३ मध्ये. मेलेले युद्धकैदी सुमारे १२ ते १३ हजार. आशियाई मजूर अंदाजे ८० हजार ते १ लाख, त्यात मलायाच्या रबर मळ्यांतून नेलेले तमिळ पुष्कळ. कॉलरा, आमांश, बेरीबेरी, पायावरचे चिघळणारे व्रण. कैद्यांच्या छावणीत निदान स्वतःचे डॉक्टर आणि शिस्त होती: पाणी उकळा, भांडी उकळत्या पाण्यात बुडवा, शौचाचे खड्डे लांब खणा. मजुरांच्या वस्तीत बहुतेकदा हे सांगायलाही कोणी नव्हतं, म्हणून १९४३ च्या पावसाळ्यात कॉलऱ्याने वस्त्याच्या वस्त्या गेल्या. कांचनाबुरीच्या स्मशानात जवळजवळ ७ हजार युद्धकैद्यांच्या नावनिशी समाध्या आहेत. मजुरांच्या नावांची तशी यादी नाही. नागासेला तिथे जे वाटलं त्यात हे लोक कुठे होते, हा प्रश्न पॅटीच्या पत्राइतकाच रास्त आहे.

खडी_आणि_रूळ
नागासेच्या बाजूने एवढं नोंदवतो: युद्ध संपताच तो दोस्तांच्या तुकडीबरोबर दुभाषा म्हणून मार्गालगतच्या कबरी शोधत फिरला. पुढे शंभरहून अधिक वेळा थायलंडला गेला, क्वाय नदीवरच्या रेल्वेपुलाजवळ बौद्ध मंदिर बांधलं. चित्रपटात त्याला छळाच्या जागेवरच्या संग्रहालयाचा मार्गदर्शक केलंय. खरा नागासे जपानमध्ये कुराशिकीला राहत होता. तिकीट फाडणाऱ्या माणसाचा पश्चात्ताप आणि स्वखर्चाने वर्षानुवर्षं येणाऱ्याचा पश्चात्ताप यांचं वजन सारखं नाही.

सिग्नल_केबिन
@कातळखोदाई, मजुरांचा मुद्दा मूळ पोस्टमध्ये यायला हवा होता.
@तिसरी_घंटा, पिंजऱ्यातली उलटतपासणी चांगली लिहिली आहे हे मान्य, तरी सुऱ्यावर मी ठाम आहे. क्षमेचं खरं पत्र लोमॅक्सने टोकियोच्या हॉटेलातल्या खोलीत नागासेला दिलं, आजूबाजूला कोणी नसताना. दोन म्हातारे, एक कागद, बंद दार. फर्थ आणि (नागासे झालेला) हिरोयुकी सानादा एवढ्यावर दहा मिनिटं सहज पेलू शकले असते.