मदत हवी आहे: पार्किंगमधले ऑइलचे डाग, रविवारच्या आत

इंदिरानगरवाली
नमस्कार. गाडी उभी करतो तिथे ऑइलचे डाग पडलेत, जाता जात नाहीत. साबण पावडर, उकळतं पाणी, खराटा, सगळं करून झालं. रविवारी बहिणीचा साखरपुडा, मांडव तिथेच घालायचाय. खात्रीचा उपाय असेल तरच सांगा, जुन्या धाग्यांच्या लिंका देऊ नका.

भद्रकाली_एक्सप्रेस
ॲसिड. संडास धुवायचं मिळतं ते. ओता, दहा मिनिटं थांबा, पाणी मारा. विषय संपला.

निवृत्त_फिटर
ताई, खाली आहे काय? कोबा, ब्लॉक की फरशी? डाग किती दिवसांचा? तोवर ॲसिडची बाटली उघडू नका.

सिडकोचा_बाळ्या
पेव्हर ब्लॉक असतील तर डोकं कशाला लावता? डागाचे चार ब्लॉक पहारीने उचलायचे, कुंड्यांखालचे चार तिथे बसवायचे, डागवाले कुंड्यांखाली. मी तेच केलं. सासऱ्यांना अजून पत्ता नाही.

इंदिरानगरवाली
ब्लॉक नाहीत. आणि डाग गाडीच्या ऑइलचेच, दुसऱ्या कशाचे असणार? मोठा डाग पुरणपोळीएवढा आहे, मधे काळा, कडेने तपकिरी. बोट लावलं तर मधे अजून चिकट लागतं.

मखमलाबादची_मावशी
तेलाच्या डागावर अंगाला लावायची पावडर रात्रभर दाबून ठेवायची. सकाळी झटकून भांड्यांचा लिक्विड साबण चोळायचा. ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर मिसळीची तर्री सांडली होती, मागमूस राहिला नाही.

सिडकोचा_बाळ्या
मावशी, सदरा नाही हो, पार्किंग! पण तर्री कुठली होती?

मखमलाबादची_मावशी
घरची. बाहेरची लाल दिसते नुसती, चवीला पाणी.

इंदिरानगरवाली
कृपया मिसळ नको. आज मंगळवार आहे.

निवृत्त_फिटर
मग फरशी कुठली ते सांगा की. तिसऱ्यांदा विचारणार नाही.

इंदिरानगरवाली
शहाबादी. वडिलांनी घर बांधलं तेव्हाची, पॉलिश नसलेली. सगळ्यांकडे तीच असते म्हणून लिहिलं नाही.

निवृत्त_फिटर
वाचलात. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, कोटाही तसाच. ॲसिड पडलं की फसफसतो आणि दगडच झिजतो. खरखरीत पांढरट चट्टा राहतो, तो जन्माचा. वर इंजिन ऑइल ॲसिडमध्ये विरघळतही नाही.

भद्रकाली_एक्सप्रेस
आमच्या कोब्यावरचा डाग ॲसिडनेच गेला. अनुभव आहे, पुस्तकी नाही.

निवृत्त_फिटर
गेला कारण वरचं सिमेंटच गेलं. हात फिरवून बघा, तेवढ्या जागी वाळू लागेल हाताला.

भद्रकाली_एक्सप्रेस
लागते थोडी. पण डाग नाही ना?

केमिस्ट्रीवाला
धुण्याचा सोडा टाका. सोड्याने तेलाचा साबण होतो, शाळेतली गोष्ट आहे.

निवृत्त_फिटर
तो खोबरेल, सरकी असल्या खायच्या तेलांचा होतो, तोही कॉस्टिकने नीट. इंजिन ऑइल खनिज तेल, त्याचा साबण होत नाही. साबण पावडर ते नुसतं पाण्यात उचलून नेते, म्हणून ताज्या डागावर चालते. ताई, तुमचं तेल दगडाच्या आत मुरलंय. ते वर ओढून काढावं लागेल.

रंगाच्या दुकानातून व्हायटिंग पावडर (खडूची पूड) आणि टर्पेंटाइन आणा. थालीपिठाच्या पिठाएवढं घट्ट कालवा, डागाबाहेर दोन बोटं जाईल असा अर्धा इंच थर द्या. वर प्लास्टिक, कडा चिकटपट्टीने बंद. चोवीस तासांनी प्लास्टिक काढून वाळू द्या, मग पत्र्याने नाही, लाकडी पट्टीने खरवडा. आधी एका कोपऱ्यात करून बघा. जवळ विडी, समई काही नको. खरवडलेलं गटारात लोटू नका, पावसाळी नाल्याने नासर्डी नदीत आणि तिथून गोदेत जातं ते.

सिडकोचा_बाळ्या
गोदेचं म्हणाल तर सिंहस्थाच्या तयारीत आमचा रस्ता पुन्हा उकरलाय. गाडी दोन गल्ल्या सोडून लावतोय, त्यामुळे माझी पार्किंग एकदम स्वच्छ.

आडगाव_नाका
सगळे डाग काढताहेत, तेल कुठून येतंय ते कोणी विचारलं का? बोटाला चिकट लागतंय म्हणजे गळती चालू आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सर्व्हिसिंग कधी झालं?

इंदिरानगरवाली
मागच्या महिन्यात. डाग त्यानंतरच पडायला लागले, आत्ता लक्षात आलं.

आडगाव_नाका
चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, बोल्टचा वायसर बघायला सांगा. ऑइल बदलताना जुनाच परत लावतात बरेच जण.

इंदिरानगरवाली
(शनिवार) पुठ्ठ्यावर सकाळी रुपयाएवढे तीन थेंब. गॅरेजवाला आधी म्हणाला गाडी जुनी झाली. खाली वाकून दाखवलं, बोल्टच्या टोकाला थेंब लोंबत होता. मग गुपचूप वायसर बदलला, पैसे मात्र घेतले. लेपाचे दोन थर झाले. पहिला काढला तर पावडर चहासारखी झाली होती. काळा डाग आता राखाडी आहे, पाणी मारलं की दिसतो, वाळला की शोधावा लागतो. टर्पेंटाइनचा वास अजून आहे, उद्यापर्यंत जाईल ना?

निवृत्त_फिटर
रात्रभर फाटक उघडं ठेवा, पंखा लावा. सकाळी साबणाने धुवा. समई तरी दुसऱ्या टोकाला ठेवा.

भद्रकाली_एक्सप्रेस
हा लेप कोब्यावर चालतो का? एक डाग राहिलाय.

मखमलाबादची_मावशी
सदऱ्याचं कोणी करून बघितलं का?