गोल्डफिश आणि आपल्याकडचं पाणी : तुमचे अनुभव लिहा

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. १८ ते २४ अंश त्याला मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, नळाचा भरवसा नाही, मग टँकर नाहीतर बोअर. पाणी कुठलं वापरता, कसं बदलता, उन्हाळा कसा काढता, सविस्तर लिहा.

लातूर
२०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे गाव. इथे माशासाठी पाणी म्हटलं की लोक बघत राहतात. पण आमच्या घरी त्यातला थेंब गटारात जात नाही. दर आठवड्याला पाव टाकी काढतो, ते कढीपत्त्याला आणि जास्वंदीला. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्रेट म्हणजे झाडाचं खतच. म्हणून स्पंज नळाखाली कधी धरू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनचारदा पिळायचा, तपकिरी गाळ सुटतो, बास. स्पंज काळपटच राहतो, राहू द्या. पांढरा करायच्या नादात सगळी वसाहत जाते.

छत्रपती संभाजीनगर
पाणी सुटलं की आधी माशांचं टिपाड भरते. क्लोरीन उडून जावा म्हणून उघडं ठेवून आत एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड सोडते, दुसऱ्या दिवशी वापरते. टँकरच्या पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास असतो, त्यात हायपोचे, म्हणजे क्लोरीन मारणारे, खडे टाकल्याशिवाय मासा सोडत नाही. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्यांनी टँकरचं पाणी थेट ओतलं, संध्याकाळपर्यंत मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. त्या मुलांची रड बघवत नव्हती हो.

नांदेड
आमचं बोअर. पाणी जड आहे, पण जडपणाचा गोल्डफिशला त्रास नाही. ताज्या बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून उंचावरून धार सोडून भरतो. पीएच आठच्या पुढे. सातच्या मानाने आठला अमोनिया जवळपास दहापट घातक होतो. त्यामुळे दाणे बेतानेच, दोन मिनिटांत संपतील एवढेच.

जालना, खेड्यातून
अंगणात सिमेंटचा हौद आहे. नवीन सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, पीएच चढतो. भरून, रिकामा करून, पुन्हा भरून, असं बरेचदा केलं तेव्हा मासे सोडले. उन्हाने पाणी हिरवं होतं. शेवाळ रात्री प्राणवायू खातं, म्हणून पहाटे मासे वर येतात. अर्ध्या हौदावर शेडनेट टाकलं. लाईट गेली की आई तांब्याने पाणी वरून ओतते.

परभणी
बर्फाच्या बाटल्या सोडू नका, तापमान खालीवर होऊन मासा आजारी पडतो. सावली आणि पाण्याची हालचाल महत्त्वाची. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांत साडेसात.

बीड
नवीन टाकी घेतलीय. मुलगी म्हणते सहा मासे एकदमच आणू. चालेल का?

लातूर
नका ताई. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. एकच मासा आणा, आणि कोणाच्या जुन्या चालू फिल्टरचा स्पंजाचा तुकडा मिळाला तर तो आपल्या फिल्टरमध्ये घाला. लातूरला येणं झालं तर माझ्याकडचा देईन, फक्त टाकीच्याच पाण्यात भिजवून न्या.