मदत हवी आहे: कबड्डी मंडळाची अडकलेली ठेव आणि राहून गेलेले चेंज रिपोर्ट

नमस्कार मंडळी,

परळमधल्या आमच्या कबड्डी मंडळाची खजिनदारी एप्रिलपासून माझ्याकडे आली. मंडळ संस्था नोंदणी कायदा 1860 आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 या दोन्हींखाली नोंदलेलं आहे.

1996 साली स्मरणिकेच्या जाहिरातींतून उरलेले 60,000 रुपये मुदत ठेवीत टाकले होते. शेवटच्या नूतनीकरणाची मुदत 2011 ला संपली, त्यानंतर कुणी बँकेत गेलंच नाही. दहा वर्षं उलटल्यामुळे रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेली. बेवारस ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर मंडळाचं नाव दिसतं. बँकेमार्फत ती परत मिळते, पण बँकेला परिशिष्ट-1 वरच्या (धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीतल्या) विश्वस्तांच्या सह्या हव्यात. तिथे अजून 1994 ची कार्यकारिणी आहे आणि सही करणारे दोघेही आता हयात नाहीत. निवडणुका वेळेवर झाल्या, इतिवृत्तंही आहेत. 1950 च्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट (कार्यकारिणी बदलल्याची माहिती) मात्र एकदाही दिला गेला नाही.

विलंब माफीसह फक्त शेवटच्या कार्यकारिणीचा रिपोर्ट चालतो, की मधल्या प्रत्येकीचा क्रमाने द्यावा लागतो? 2013 पासूनचं ऑडिटही बाकी आहे. आधी ते उरकावं का? ज्यांनी हे स्वतः निस्तरलंय त्यांनी कृपया सांगा.

दुसरा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा आहे. मुली मातीवर सराव करतात आणि स्पर्धा मॅटवर खेळतात. त्यामुळे पैसे आले की थेट मॅटसाठी वापरावेत, असं बहुतेकांचं म्हणणं. मला ते पटत नाही. जुनी लाल कापडी कीर्द चाळताना डिसेंबर 1981 चं पान लागलं: गिरणीतल्या एकेका खेळाडूच्या नावापुढे 2 रुपये वर्गणी. फेब्रुवारी 1982 पासून तो रकाना कोरा, समासात पेन्सिलीने ‘संप’. खर्चाच्या बाजूला मात्र ‘गूळ-शेंगदाणे 11 रु.’ दर महिन्याला आहेच. कुणीतरी पदरचे घातले असणार. आजही प्रवेश फी आणि गाडीभाडं दोन प्रशिक्षकच भरतात. म्हणून मुद्दलाला हात लावू नये, व्याजातून स्पर्धांचा खर्च निघावा आणि मॅटसाठी वेगळी देणगी गोळा करावी, असं मला मनापासून वाटतं.

रविवारी सर्वसाधारण सभा आहे. ही रक्कम कायम निधी म्हणून राखण्याच्या ठरावात नेमके कोणते शब्द हवेत? कुणाकडे तसा ठराव असेल तर मजकूर इथे टाकाल का?