एअर रायफलचा दस्ता : आधी मापे, मग लाकूड की ॲल्युमिनियम

मुलीच्या पहिल्या १० मीटर एअर रायफलसाठी दस्ता (रायफल धरण्याचा व खांद्याला टेकवण्याचा भाग) लाकडी घ्यावा की ॲल्युमिनियमचा, या आपल्या प्रश्नावर वरच्या उत्तरांत बहुतेकांनी दस्ता कशाचा असावा याबद्दलच लिहिले आहे. माझ्या मते त्याआधी मापे पाहायला हवीत. मुलगी अजून वाढत्या वयाची असल्याने दस्त्याची लांबी, म्हणजे ट्रिगरपासून बट-प्लेटपर्यंतचे (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या टोकापर्यंतचे) अंतर, आणि चीक-पीसची (गाल टेकवायच्या भागाची) उंची या दोन्ही गोष्टी बदलता येणे अत्यावश्यक आहे.

रेंजवर प्रशिक्षकांसमोर, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, एक चाचणी जरूर घ्यावी. तिने नेहमीच्या पवित्र्यात उभे राहून डोळे मिटावेत, गाल सैलपणे चीक-पीसवर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मान जराही न हलवता मागच्या साइटच्या (नेम धरण्याच्या साधनाच्या) छिद्रातून पुढची साइट मधोमध दिसली, तर उंची योग्य आहे. त्यासाठी मान ताणावी लागत असेल, तर थोड्याच सरावात मान आणि खांदे भरून येतात व नेम ढळू लागतो.

स्पर्धेच्या नियमानुसार रायफलचे वजन ५.५ किलोपर्यंत चालते, पण नवशिक्या मुलीने ती मर्यादा गाठण्याची काहीच गरज नाही. ॲल्युमिनियमच्या दस्त्यात जुळवाजुळव सहसा अधिक करता येते. कोकणातल्या दमट हवेत अखंड लाकूड ओलावा शोषून फुगते, म्हणून लाकूडच हवे असेल तर थर चिकटवून केलेले लॅमिनेटेड घ्यावे. अक्रोडाच्या रेषांचे सौंदर्य मलाही फार भावते. मात्र मुठीपाशी, जिथे दस्ता सर्वांत बारीक असतो, तिथे त्या रेषा लांबीच्या दिशेनेच धावत आहेत ना, हे निरखून पाहावे, कारण आडव्या रेषांचे लाकूड नेमके तिथेच तडकते.