शेल्टरमधून आणलेली कुत्री सहा दिवस न्हाणीतून बाहेर येत नाही, परत देऊ का?

फोंड्याची_सून:
नमस्कार मंडळी. घरात मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. गेल्या रविवारी शेल्टरमधून एक कुत्री आणली, दीड-दोन वर्षांची असेल, तांबडी, कानाला खाच आहे म्हणजे नसबंदी झालेली, लसींचं कार्डही दिलंय. तिथे मुलीच्या हातावरचं बिस्किट खाल्लं, शेपटी हलवली, म्हणून तर हीच घेतली. आणि घरी गाडीतून उतरल्या उतरल्या जी न्हाणीत शिरली ती पाणी तापवायच्या भाणामागे अंगाचं मुटकुळं करून बसलीय, आज सहावा दिवस. दिवसा तोंडात घास घेत नाही, रात्री आम्ही झोपलो की ताटली साफ. सू-शी तिथेच. पहिल्या दिवशी नवऱ्याने ओढून काढायला बघितलं तर गुरगुरली. त्यात नणंदा, शेजारीपाजारी सगळे बघायला येऊन गेले. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला तरी थरथर कापते. बुधवारी रात्री एकदाच आपणहून हॉलपर्यंत आली, मी तेव्हा मच्छरदाणी झटकत होते, ते बघून अशी पळाली की पाय घसरून कपाटावर आपटली. सासूबाई म्हणतात मुक्या जनावराने हाय खाल्लीय, देऊन या परत. मुलगी रडतेय. काय करू?

डिचोलीकर:
ताई परत देऊ नका एवढ्यात. रात्री खाते ना, मग अर्धी लढाई जिंकलात. शेल्टरवाले एक ढोबळ हिशोब सांगतात, पहिले ३ दिवस भेदरलेलं असतं, ३ आठवड्यांत घरची वेळापत्रकं कळतात आणि आपलं घर वाटायला ३ महिने लागतात. हिशोबच तो, आमच्या काळूला पाच महिने लागले.

ओढून काढू नका कधीच. रोज अर्धा तास न्हाणीच्या दारात तिच्याकडे पाठ करून बसा, मोबाईल बघा, भाजी निवडा, काहीही करा पण डोळ्याला डोळा देऊ नका. पाहुणे महिनाभर बंद, नणंदा रुसल्या तर रुसू देत. तिकडे जे खायला घालत होते तेच चालू ठेवा, आपल्या घरचं माशाचं हुमण लगेच नको. न्हाणी तुम्हालाही लागणारच, तर जिन्याखाली एक टेबल ठेवून वरून चादर सोडा, खाली गोणपाट आणि ती भाणामागे ज्या फडक्यावर बसते ते न धुता तसंच ठेवा, वास तिचा लागतो.

आणि मच्छरदाणीचं मला कळलं बहुतेक. रस्त्यावरची कुत्री लसीला, नसबंदीला पकडतात ती जाळ्यानेच ना. मिशन रेबीजवाले २०१४ पासून गोव्यात फिरतायत, मोठी हातजाळी टाकायची, टोचायचं, डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायचा आणि सोडायचं. त्यानेच तर रेबीज एवढा आटोक्यात आला, त्यात वाईट काही नाही, पण कुत्रीला कुठे माहीत हे आपल्या भल्याचं आहे. हातात फडफडणारं जाळं घेतलेला माणूस दिसला की पळायचं, एवढंच तिला ठाऊक. ती झोपेपर्यंत मच्छरदाणी लावू नका, नाहीतर थोडे दिवस कॉईलवर भागवा.

पेडणे_बिनधास्त:
एवढे लाड कशाला. बाहेर माडाला बांधून ठेवा, दोन दिवसांत सुतासारखी सरळ होईल. आमच्या बाबांनी सगळी कुत्री अशीच सांभाळली.

म्हापशाची_मावशी:
अरे बाबा, तुझ्या बाबांची कुत्री पिल्लं असल्यापासून त्याच अंगणात वाढलेली असतील, ही आख्खी दुनिया बदलून आलीय. ताई, बाहेर अजिबात बांधू नका, मी ते करून पस्तावले आहे. आमची बेबी आणून चार दिवस झाले होते आणि नेमकी दिवाळीची नरकासुराची रात्र आली, डीजे आणि फटाके, तिने मान मागे खेचली आणि पट्ट्यातून डोकं काढून पसार. पाचव्या दिवशी काजूच्या बागेत सापडली, पायात काटे, पोट पाठीला लागलेलं. तेव्हापासून गळ्यात नुसता पट्टा नाही, छातीवरून येणारा हार्नेस आणि पट्टा दोन्ही, दोन्हींना दोऱ्या, पट्ट्याला फोन नंबर कोरलेला बिल्ला. तुम्हीही गणेश चवथीचे फटाके सुरू व्हायच्या आत तयारी करा, गेटखालची फट विटा लावून बंद करा.

अजून एक, ही नुसती भीती नसेलही. पावसात गोचिडांचा सुळसुळाट असतो, कान आणि पायाच्या बोटांमध्ये बघा. सुस्त पडते, हिरड्या पांढऱ्या दिसतात, अंग तापलंय, असं काही असेल तर रक्त तपासा, प्लेटलेट्स बघायला सांगा. आणि घरातली पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम चुकूनही देऊ नका.

मांजरप्रेमी_मडगाव:
मध्येच घुसतोय, पण कोणी हा सल्ला वाचून मांजराला लावू नका. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या, उपाशी राहिलं की लिव्हरवर येतं. बाकी लपू देणं वगैरे तेच.

फोंड्याची_सून:
बारा दिवसांनी अपडेट. जिन्याखाली टेबल लावलं आणि न्हाणीचं दार बंद केलं तर दुपारपर्यंत तिथे शिरली. मच्छरदाणी आता ती झोपल्यावर हळूच लावतो, आवाज न करता, चोरासारखे. मावशी, तुम्ही म्हणालात ते बरोबर निघालं, कानात गोचीड होते आणि प्लेटलेट्स कमी आल्या, टिक फीव्हर म्हणजे गोचीडताप, डॉक्टरने डॉक्सी या अँटिबायोटिकच्या गोळ्या २८ दिवस लिहून दिल्यात, मध्ये बंद करायच्या नाहीत म्हणाले.

आणि गंमत ऐका. मुलगी दिवसभर चिकन घेऊन खुणावते, नवरा शिट्टी मारतो, त्यांच्याकडे ती ढुंकून बघत नाही. परवा सासूबाई बाल्कावात, दारापुढच्या ओट्यावर, तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्या तर तिच्याकडे बघतही नाहीत, राग आहे ना न्हाणी घाण केल्याचा. ही पोटावर सरपटत सरपटत गेली आणि त्यांच्या पाठीला पाठ टेकून झोपली. सासूबाई तासभर हलल्या नाहीत. पाय आखडले, मला हाक मारायची तरी कुजबुजत. परत द्यायचं नाव त्यानंतर काढलेलं नाही, "ए बाये" म्हणून हाक मारतात, तेच नाव पडलं.

फक्त डॉक्सी दिली की उलटी काढते. सकाळी उपाशीपोटी दुधात चुरून देतोय, बरोबर आहे का?

म्हापशाची_मावशी:
उपाशीपोटी नको गं, जेवणावरच दे. दूध पण नको, त्याने गोळी नीट लागू पडत नाही. शिताच्या गोळ्यात घालून भरव आणि वरून पाणी पिते ना बघ, गोळी घशात अडकली तर आतून जखम होते. तरी उलटी थांबली नाही तर डॉक्टरला फोन कर, गोळी तुझी तू बंद करू नको.