ब्रिटिश सुपरहीरोला आपल्याच झेंड्याचा संकोच का वाटतो?

पिंपळपान

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळणारा एक प्रश्न इथल्या जाणकारांपुढे मांडतो आहे.

ज्यो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक बहुतेकांनी निदान चित्रात तरी पाहिला असेल. त्याच्या मुखपृष्ठावर नायक थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे. अंकावर मार्च १९४१ असे छापले असले तरी तो विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरच्या जवळजवळ वर्षभर आधी, अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती तेव्हा. त्या हिवाळ्यात प्रत्यक्ष बॉम्ब पडत होते ते लंडनवर. असे असूनही अंगभर ब्रिटिश झेंडा ल्यालेले जे दोन नायक आज आपल्याला आठवतात, ते युनियन जॅक (हे मुळात ब्रिटिश झेंड्याचेच नाव) आणि कॅप्टन ब्रिटन, दोघेही १९७६ सालचे आहेत. युद्ध संपून तेव्हा एकतीस वर्षे झाली होती.

त्यातही कॅप्टन ब्रिटनची जन्मकथा मला फार विलक्षण वाटते. ब्रायन ब्रॅडॉक हा भौतिकशास्त्राचा लाजाळू विद्यार्थी हल्लेखोरांपासून मोटारसायकलवरून पळताना अपघातात सापडतो, आणि मरणाच्या दारात असताना राजा आर्थरच्या दंतकथांतला जादूगार मर्लिन त्याच्यापुढे एक ताईत आणि एक तलवार ठेवून त्यांतले एक निवडायला सांगतो. ब्रायन ताईत निवडतो, कारण आपण लढवय्ये नाही असे त्याला मनापासून वाटते. देशाचे नाव धारण करणाऱ्या वीराने पहिल्याच कथेत तलवार नाकारावी, हे मला बुचकळ्यात टाकते. यामागे देशभक्ती आणि युद्ध यांविषयीची ब्रिटिश वृत्ती आहे, की हा केवळ प्रकाशन व्यवसायातला योगायोग आहे?

जुना वाचक

प्रश्न उत्तम आहे, पण वृत्तीचे नाव घेण्याआधी कागदाचे नाव घ्यायला हवे असे माझे मत आहे. १९४० पासून ब्रिटनमध्ये कागदावर नियंत्रण आले आणि अनेक साप्ताहिके बंद पडली. जी तगली तीही रोडावली. ‘बीनो’ आणि ‘डँडी’ ही मुलांची लाडकी साप्ताहिके आळीपाळीने एकेक आठवडा निघू लागली. अशा काळात नवा सुपरहीरो उभा करायला कोण धजावणार? शिवाय या साप्ताहिकांचा पिंड थट्टेचा असल्यामुळे त्यांनी हिटलर-मुसोलिनींना ठोसे मारण्याऐवजी त्यांची यथेच्छ टर उडवली. शत्रूला विदूषक ठरवणे हीसुद्धा एक प्रकारची देशभक्तीच म्हणायची.

युद्धानंतर जो पहिला गाजलेला ब्रिटिश अतिमानव आला, तो चक्क नडीपोटी आला. एल. मिलर ही कंपनी अमेरिकेच्या कॅप्टन मार्व्हलचे अंक ब्रिटनमध्ये छापत असे. तिकडे न्यायालयीन भांडण मिटवताना मूळ प्रकाशकाने ते पात्रच गुंडाळले, आणि इकडे विकायला माल उरला नाही. तेव्हा मिक अँग्लो यांनी १९५४ मध्ये मार्व्हलमॅन बेतला. ‘किमोटा’ म्हटले की मुलाचा महावीर होई. हा मंत्र म्हणजे ‘अ‍ॅटॉमिक’ हा शब्द उच्चाराच्या अंगाने उलटा केलेला. यात झेंडा कुठेच नव्हता, नुसता व्यापार होता.

खरी देशभक्ती विकली जात होती ती शेजारच्या फळीवर. डंडीच्या डी. सी. थॉमसन कंपनीने १९६१ मध्ये ‘कमांडो’ सुरू केले. ही खिशात मावणारी काळ्यापांढऱ्या चित्रांची पुस्तके आमच्या लहानपणी रद्दीच्या दुकानात ढिगाने मिळत, आणि आमच्या आळीतल्या निम्म्या मुलांना जर्मन भाषेतले ‘आख्’ आणि ‘हेंडे होख्’ एवढे दोनच शब्द येत, ते याच पुस्तकांतून. त्यांतले नायक म्हणजे एखादा सार्जंट, एखादा वैमानिक, कधी भित्रा म्हणून हिणवला गेलेला आणि शेवटच्या पानावर धीर दाखवणारा साधा शिपाई. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्याने घेतलेली माघार आणि लंडनवरचे बॉम्बहल्ले यांची जी आठवण ब्रिटिश समाजाने जपली आहे, तिचा सगळा भर सामान्य माणसांनी मुकाट्याने सोसले यावर आहे. तिथे उडणारा माणूस आणला तर त्या सोसण्याची किंमतच जाते.

शाईचा डाग

‘जुना वाचक’ यांचा कागदाचा मुद्दा मान्य आहे. परंतु ‘कमांडो’वर थांबल्यामुळे अर्धेच चित्र उभे राहते, कारण सामान्य शिपायाच्या त्याच परंपरेतून पुढे युद्धाविरुद्धची सर्वांत धारदार चित्रकथा निघाली. पॅट मिल्स आणि ज्यो कोलक्हून यांची ‘चार्लीज वॉर’ जानेवारी १९७९ पासून ‘बॅटल’ या मुलांच्या साप्ताहिकात येऊ लागली. चार्ली बोर्न हा लंडनमधला गरीब मुलगा सोळाव्या वर्षी वय लपवून भरती होतो आणि १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या खंदकांत जाऊन पडतो. त्याची घरी पाठवलेली पत्रे शुद्धलेखनाच्या चुकांसकट चौकटीत छापलेली असतात आणि त्यांच्याशेजारी पत्रात न लिहिलेले सत्य चितारलेले असते. त्याचा जिवलग मित्र जिंजर तोफगोळ्याने मारला जातो तेव्हा चार्ली त्याचे उरलेसुरले अवशेष पोत्यात गोळा करून ते पोते उचलून चालू लागतो. हे शाळकरी मुलांसाठी, फुटबॉलच्या गप्पा आणि पत्रव्यवहाराच्या पानांसोबत छापले जात होते, हे लक्षात घ्या.

याच मालिकेत लेफ्टनंट थॉमस नावाचा एक भला अधिकारी आपल्या माणसांचे प्राण वाचवण्यासाठी हुकूम मोडून त्यांना मागे आणतो आणि त्याबद्दल त्याला गोळ्या घालण्याची शिक्षा होते. गोळ्या झाडणाऱ्या तुकडीत चार्लीला उभे केले जाते. तो नकार देतो, आणि त्यालाच शिक्षा म्हणून चाकाला बांधले जाते. पहिल्या महायुद्धात अशा रीतीने स्वतःच्याच सैन्याकडून मारल्या गेलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने २००६ मध्ये माफी दिली. मुलांच्या साप्ताहिकाने हा विषय त्याच्या पाव शतक आधी काढला होता.

ही पार्श्वभूमी असलेल्या लेखकांच्या हाती सुपरहीरो आला तेव्हा त्यांना त्याच्यात प्रथम दिसले ते सरकारी शस्त्र. मार्च १९८२ मध्ये अ‍ॅलन मूर आणि गॅरी लीच यांनी ‘वॉरियर’ मासिकात मार्व्हलमॅन पुन्हा जिवंत केला, तेव्हा तो जादूने नव्हे तर लष्कराच्या गुप्त प्रयोगशाळेत घडवला गेला होता, आणि त्याची बालिश साहसे म्हणजे त्याच्या डोक्यात भरवलेली स्वप्ने होती, असे निघाले. (पुढच्याच महिन्यात ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातले फॉकलंडचे युद्ध सुरू झाले. हा निव्वळ योगायोग आहे, पण वाचताना तो विसरता येत नाही.)

ग्रँट मॉरिसन आणि स्टीव्ह येओवेल यांचा ‘झेनिथ’ (१९८७) तर याहून बोचरा आहे. आरंभी १९४४ चे बर्लिन दिसते. झेंडा मिरवणारा ब्रिटनचा मॅक्झिमन नाझी मास्टरमॅनकडून बेदम मार खातो, आणि अखेर अमेरिकेने टाकलेल्या अणुबॉम्बमध्ये बर्लिनसकट दोघेही नष्ट होतात. पिंपळपान, तुम्ही विचारता तो युद्धकालीन ब्रिटिश झेंडावीर इथे आहे, पण त्याच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा पाने येतात. पुढच्या पिढीतले सैन्यासाठी तयार केलेले अतिमानव साठच्या दशकात लढायलाच नकार देतात, त्यांतला एक यथावकाश हुजूर पक्षाचा खासदार होतो, आणि खुद्द झेनिथ हा पॉप गायक असून त्याला जग वाचवण्यापेक्षा आपले गाणे किती खपते याची काळजी अधिक आहे. माझ्या समजुतीप्रमाणे हा संकोच नसून अविश्वास आहे, आणि तोही देशावरचा नसून देशाच्या नावाने बोलणाऱ्यांवरचा.

मँचेस्टरवासी

मी इथे वीस वर्षे राहतो, त्यामुळे ‘ब्रिटिशांना देशप्रेम नाही’ अशा निष्कर्षाकडे चर्चा झुकू लागली की थोडे अस्वस्थ वाटते. नोव्हेंबरात रस्त्यावरच्या बहुतेक कोटांवर युद्धात मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ कागदी लाल पॉपीचे फूल दिसते आणि अकरा तारखेला अकरा वाजता दुकानातला गल्लेवालासुद्धा दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. प्रश्न आहे तो झेंड्याचा. सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष युनियन जॅक फडकवत मोर्चे काढत असे, आणि इथल्या जुन्या भारतीय कुटुंबांतले लोक आजही सांगतात की झेंड्यांचा घोळका दिसला की ते रस्ता बदलत. तोच झेंडा छातीवर लावून १९७६ मध्ये नायक उभा करणे म्हणजे काय, हे न्यूयॉर्कमध्ये बसून जाणवण्यासारखे नव्हते. हा मुद्दा आतापर्यंत कुणी काढला नाही म्हणून काढतो: युनियन जॅक घडवला रॉय थॉमस आणि फ्रँक रॉबिन्स या अमेरिकनांनी, आणि कॅप्टन ब्रिटन ख्रिस क्लेअरमाँट आणि हर्ब ट्रिम्पे यांनी. क्लेअरमाँट यांचा जन्म लंडनचा हे खरे, पण ते वाढले अमेरिकेतच. दोघेही झेंडाधारी नायक असे आयात केलेले आहेत.

आणि त्या अमेरिकी कल्पनेतला ब्रिटन कसा, तर पहिला युनियन जॅक म्हणजे लॉर्ड फॉल्सवर्थ! वाडा आणि पदवी तर आहेच, शिवाय नाझींना सामील झालेला रक्तपिपासू भाऊसुद्धा आहे. मला खरा आवडला तो १९८१ मध्ये रॉजर स्टर्न आणि जॉन बर्न यांनी केलेला बदल. वृद्ध लॉर्डच्या नातेवाइकाने मुखवटा चढवायला नकार दिल्यावर त्याचा मित्र ज्यो चॅपमन, जहाजबांधणी कामगाराचा मुलगा, तो पोशाख घालतो. देशाचे चिन्ह वाड्यातून कामगारवस्तीत आले, आणि तेही एका अमेरिकी कॉमिकमधून, याची मौज वाटते.

आणखी एक गोष्ट. लंडनला ट्रॅफल्गर चौकाजवळ ईडिथ कॅव्हेल या परिचारिकेचे स्मारक आहे. शत्रूच्या ताब्यातल्या ब्रसेल्समधून सैनिकांना पळून जायला मदत केल्याबद्दल जर्मनांनी तिला १२ ऑक्टोबर १९१५ च्या पहाटे गोळ्या घातल्या. स्मारकावर ‘राजासाठी आणि देशासाठी’ असे कोरलेले आहे, आणि पुतळ्याखाली तिचे स्वतःचे शब्द आहेत: देशभक्ती पुरेशी नाही, माझ्या मनात कुणाविषयी द्वेष वा कटुता असता कामा नये. हे शब्द १९२४ मध्ये नंतर जोडले गेले. कोरीव दगडावर ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी नांदतात, त्यामुळे ताईत आणि तलवार यांतली ब्रायनची निवड मला इथल्या मातीला परकी वाटत नाही, मग ती कथा कुणीही लिहिलेली असो.

पिंपळपान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॅप्टन ब्रिटनच्या निर्मात्यांविषयी ‘मँचेस्टरवासी’ यांनी जे लिहिले त्यामुळे माझा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला गेला होता हे लक्षात आले. मी ज्याला ब्रिटिशांची वृत्ती समजत होतो, ती मुळात अमेरिकनांनी केलेली कल्पना होती, आणि ब्रिटिश लेखकांनी तिला दिलेली उत्तरे नंतरची आहेत.

त्यांतले एक उत्तर इथे नोंदवून ठेवतो. पॉल कॉर्नेल या ब्रिटिश लेखकाने २००८ मध्ये ‘कॅप्टन ब्रिटन अँड एमआय १३’ ही मालिका लिहिली. तिच्यात फैजा हुसेन नावाची तरुण डॉक्टर आहे. पाकिस्तानी वंशाची, मुस्लिम, डोक्यावर हिजाब. राजा आर्थरची एक्सकॅलिबर तलवार अखेर तिच्या हाती येते. ब्रायनने नाकारलेली तलवार ती हीच, असे मी म्हणत नाही, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत; पण ज्या देशाच्या नायकाने शस्त्र नको म्हटले, त्या देशाचे सर्वांत जुने शस्त्र बत्तीस वर्षांनी एका डॉक्टरला मिळावे, हे लेखकाने विचारपूर्वक केले असणार.

‘शाईचा डाग’ यांना एक विनंती. ‘चार्लीज वॉर’ मी वाचलेले नाही. सुरुवात कुठून करावी?

शाईचा डाग

पहिल्यापासून, म्हणजे चार्लीच्या भरतीपासूनच. थेट सोमच्या पानांवर उडी मारू नका, नाहीतर पोत्याचा प्रसंग येईल तेव्हा जिंजर कोण होता हे तुम्हाला ठाऊक नसेल. आणि पत्रे वगळू नका. घाईत वाचणारे नेमकी तीच वगळतात.